दाजींचं नाक

अख्ख्या संभाजीनगरात आमच्या दाजींइतकं तल्लख नाक दुसरं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते सायकल काढत ती व्यायामासाठी, असं ताईला सांगत. खरं म्हणजे शहर हुंगायला. मी माझ्या सायकलवर धापा टाकत मागं असायचो आणि ते पुढून बातम्या द्यायचे, "या घरी शेंगदाणे जळाले बघा. त्या घरी पाहुणे आलेत, तूप कढायलंय." एकदा गुलमंडीत कुणा अनोळखी घराच्या खिडकीखाली ब्रेक दाबून ते ओरडले, "बाई, दूध करपायलंय!" आत धावपळ झाली, आणि थोड्या वेळानं आम्हाला त्याच दुधाचा चहा मिळाला. तो करपट चहा दाजी लढाई जिंकल्यासारखे प्याले.

हेल्मेटशी मात्र त्यांचं वाकडं. ताईनं आणलेलं हेल्मेट त्यांनी एकदाच चढवलं, आरशात पाहिलं आणि काढून ठेवलं. "टोपल्याखाली झाकायला मी काय कोंबडी हाय व्हय?" ताई काही दिवस भांडली, मग तिनं त्यात लसूण ठेवायला सुरुवात केली.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही खुलताबादहून घाट उतरत होतो. वळणावर बारीक खडी सांडलेली होती. दाजी मान वळवून मला म्हणाले, "कुठंतरी हुरडा भाजायलेत," आणि त्यांचं पुढचं चाक सरकलं. सायकल एकीकडं गेली, ते दुसरीकडं, आणि डोकं कठड्याच्या दगडावर. तो आवाज आजही नको वाटतो. कन्नडकडून आलेल्या एका जीपवाल्यानं प्रवासी खाली उतरवले आणि दाजींना आडवं घालून शहरात आणलं.

दाजी वाचले. काही दिवस शुद्ध नव्हती, टाके पडले, पण घरी आले. पहिल्याच दुपारी ताईनं लसणाची चरचरीत फोडणी दिलेलं वरण वाढलं. दारापर्यंत वास दरवळत होता. दोन घास खाऊन दाजींनी विचारलं, "आज फोडणी दिली नाय का?" ताई क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "विसरलेच की."

डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला असा हादरा बसला की वासाची जाणीव कधीकधी जाते. परत येईलच असं नाही. "हेल्मेट असतं तर?" दाजींनी विचारलं. "बहुतेक मार एवढा आत पोचला नसता," डॉक्टर म्हणाले. वास काही परत आला नाही.

आता दाजी हेल्मेटशिवाय फाटकाबाहेर पडत नाहीत. सिग्नलला उघड्या डोक्याचा कुणी दिसला की त्याच्या हँडलला धरतात. "भाऊ, टाके निघतात. जे गेलं ते येत नाय." पोरं हसतात, "चाचा, सिग्नल छूट गया." पुढचा सिग्नल लागला की दाजी पुन्हा दुसऱ्याला धरतात.

परवा दाजींच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, आपली तान्ही लेक त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी तिच्या टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मला हळूच जवळ बोलावलं. "मेहुणे, सांगा बरं, कसा येतो वास?"

मी वाकलो. "दुधाचा येतोय, दाजी. थोडा वेखंडाचा. थोडा ओव्याच्या धुरीचा."

ते डोळे मिटून ऐकत होते. "आणखी?"

आणखी काहीतरी होतं, तिचं एकटीचं. ते मला सांगता येईना.