उंबराची फांदी आणि गुरुवारची लाइन

तारेला टेकलेली फांदी कोणी कापायची, हा प्रश्न मी चार महिने विचारत फिरले. आता तो प्रश्न उच्चारायचाही कंटाळा येतो.

आमची गल्ली गुंठेवारीतली, गुंठा-गुंठा जमीन घेऊन वसलेली. पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांत तारा जमिनीखालून जातात, आमच्याकडे त्या गॅलरीतून हात लांब केला तर लागतील अशा. कोपऱ्यावर उंबर. वारा सुटला की त्याची एक फांदी तारेवर घासायची, ठिणगी पडायची, खांबावरचा फ्यूज उडायचा आणि गल्ली बंद. इतरांचा पंखा थांबायचा. शेजारच्या काकांचा श्वास.

काकांनी भोसरीच्या एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर जन्म काढला. ती धूळ छातीत बसली. आता नाकाला नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन आणि मशीनला वीज. वीज गेली की सिलिंडर, तो जेमतेम तीन तास पुरायचा. त्याची चावी फिरवली की काकू घड्याळ समोर घेऊन बसायच्या.

वीज कार्यालयातले साहेब म्हणाले, "फांदी आमच्या तारेला लागते, मान्य. पण झाड पालिकेचं. परवानगीशिवाय कोयता लावला तर केस आमच्यावर."

पालिकेच्या उद्यान विभागातले साहेब म्हणाले, "झाड आमचं, मान्य. पण तार चालू असताना माझा माणूस वर चढणार नाही. आधी लाइन बंद करून आणा."

दोघांनाही सगळं मान्य होतं. मी 'फांदी कोणाची?' असं पत्रक काढलं. गल्लीने वाचलं, मथळा झकास आहे म्हणाली आणि सेकंड शिफ्टला निघून गेली.

शेवटी एकाची परवानगी दुसऱ्याच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवली, तेव्हा लाइन बंद करायचा दिवस मिळाला. अर्थातच गुरुवार. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून तारांची कामंही गुरुवारीच. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

दहाला वीज बंद झाली. काकांना सिलिंडरवर घेतलं. लाइनमन शिडी आणि दोन मदतनीस घेऊन आला. जवळच्याच गावातल्या जुन्या घरातला, पन्नाशीचा माणूस. त्याने वर पाहिलं, मग खाली पाहिलं. कोयता भिंतीला टेकवला, चपला काढल्या आणि बुंध्याजवळच्या पादुकांना हात जोडले.

"आज न्हाई जमायचं, ताई."

"का?"

"गुरुवार हाय. दत्ताचं झाड. गुरुवारी औदुंबराला लोखंड न्हाई लावत आमी."

"अहो, पण लाइन गुरुवारीच बंद होते ना!"

"व्हय की."

"मग बुधवारी या."

"बुधवारी कंपन्या चालू असत्यात. साहेब लाइन बंद करू देत न्हाईत."

माझा आवाज चढला. "हे साधं उंबराचं झाड आहे. इथे देव-बिव काही नाही!"

एक मदतनीस फिस्सकन हसला. "ताई, पत्रक तर तुमचंच व्हतं. आमच्या आईनं देव्हाऱ्यात ठिवलंय."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी ड्रेनेजच्या खोदाईत हा उंबर जाणार होता. मी देव मानत नाही. पण 'झाड वाचवा' म्हटलं तर दहा माणसं जमत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी लिहिलं, 'श्री दत्तगुरूंचा वास असलेला आपला औदुंबर'. रस्ता भरेल एवढी माणसं आली. झाड वाचलं. पुढच्या आठवड्यात कोणीतरी पार बांधला आणि पादुका बसवल्या. मी तो माझा सगळ्यात मोठा विजय समजत होते.

अकरा वाजले. बारा वाजून गेले. कोणी म्हणालं, पुजाऱ्याला विचारू. कोणी म्हणालं, उद्याचीच तारीख मागू. लाइनमन सावलीत तंबाखू मळत बसला होता. मी दोन्ही साहेबांना फोन लावत होते. एकाचा लागत नव्हता, दुसरा उचलत नव्हता. वर सिलिंडरचा काटा लाल पट्टीकडे सरकत होता.

काकू जिना उतरून अनवाणी आल्या. परभणीकडच्या, बोलायला मोजक्या.

"झालं का तुमचं बोलून?"

"काकू, गुरुवार आहे म्हणतात."

"मला नको सांगू गुरुवार. उपास धरते मी." त्या लाइनमनकडे वळल्या. "भाऊ, काल सांजच्याला मी ह्या झाडापाशी दिवा लावला, अक्षता टाकल्या. म्हणलं, देवा, माझ्या माणसाला श्वास पाहिजे. एक फांदी दे."

मदतनीस म्हणाला, "मग काय म्हणलं झाड?"

"म्हणलं, माणसं लई बोलतात."

कोणी हसलं नाही. लाइनमनने तंबाखू झटकली.

"काल मागून घेतली?"

"काल. बुधवारी."

"मंग देवानं कालच दिली म्हणायची. आमी आज फक्त उतरवून घेतो." त्याने कपाळाला हात लावला आणि शिडी चढला.

दहा मिनिटांचं काम. चार महिने कोणाचंच नसलेलं दहा मिनिटांचं काम. कोयत्यावरून पांढरा चीक ओघळत होता. फांदी पडली, मग तिच्या मागची आणखी एक. पाऊण वाजता वीज आली.

माझ्याकडे 'काम पूर्ण' असा कागद तयार होता, जबाबदार विभागाच्या सहीसाठी. लाइनमनने तो लांबूनच पाहिला. "माझी सही नको, ताई. गुरुवार हाय," म्हणाला आणि शिडी घेऊन गेला.

मी वर गेले. मशीन घरघरत होतं, सिलिंडर रिकामा झाला होता. काकांचे ओठ काळेनिळे पडले होते, काकूंचा तळवा त्यांच्या छातीवर होता. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा पाहत राहिले. तो फार हळू वर चढत होता.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले. "कोणाचं... काम होतं गं... शेवटी?"

मी सांगायला तोंड उघडलं. काकूंनी हात वर केला.

"आता नको, पोरी. झोपू दे त्यांना."

खालून कोणाचा तरी हॉर्न वाजत होता. तोडलेल्या फांद्या रस्त्यातच पडल्या होत्या. मी खाली गेले आणि पहिली फांदी ओढायला लागले.