पाहुणीच्या चार ओळी

लेकीने मोबाईलवर नव्या गाण्याचा व्हिडिओ लावला. गाणारी मुलगी अगदी नवखी. मध्येच लेकीची लाडकी, मोठी नावाजलेली गायिका आली, चार ओळी गायली आणि मागे सरकून टाळ्यांनी ठेका धरू लागली.

"एवढंच गाते?"

"अगं आई, गाणं तिचं नाहीये ना!"

मला शेजारच्या सुमनकाकू आठवल्या. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पुरणपोळ्या सारख्या फाटत होत्या. काकूंनी तेलाचा हात लावून कणीक पुन्हा तिंबली, पहिली पोळी लाटून दिली आणि पंगत बसायच्या आत मागच्या दाराने निघून गेल्या. कौतुक माझं झालं. माझ्या संसारात असं कितीजण गाऊन गेले असतील!

"पुन्हा लाव गं," मी म्हटलं. या वेळी मी फक्त मागच्या टाळ्या ऐकल्या.