मंदा मावशीचा कागद

कोणाच्या मदतीला धावून जाताना तुम्ही कधी त्याचीच वस्तू खिशात घातली आहे का? अंधारात नव्हे. त्याच्यासमोर, त्याच्या हातचा चहा पीत?

मी घातली आहे. चार वर्षं झाली. हे मी मित्रांना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही, आणि ज्या पत्रकांत मी साऱ्या जगाला जाब विचारतो त्यांत तर नाहीच नाही. आज लिहायला बसलोय, तरी सरळ लिहिता येत नाहीये. जरा आजूबाजूने येऊ द्या.

माझे वडील नागपूरच्या इतवारीतल्या एका गल्लीत, छोट्या छापखान्यात कामाला होते. आमच्या घरी जेवणं झाली की सगळे पत्रकांच्या घड्या घालायला बसत. मी वाचायला शिकलो तेच ‘बंधू-भगिनींनो’पासून. त्यामुळे माझं बोलणंही तसंच झालं. लग्नाचा मांडव असो की चहाची टपरी, मी हक्कांवर घसरणारच. “भाऊजी,” मंदा मावशी वडिलांना म्हणायची, “तुमच्या पोराले भूक लागली तरी तो निवेदन देते!”

मंदा मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. बेसा भागात राहते आणि लांब रोटी करते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो — सैल कणीक परातीत आपटून आपटून मऊ करायची, दोन्ही हातांवर पार कोपरापर्यंत लांबवत न्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या मडक्यावर टाकायची. मावशीच्या हातांना आतल्या बाजूने भाजल्याचे डाग आहेत. ती त्यांना बांगड्या म्हणते.

वर्षानुवर्षं ती लोकांच्या लग्नाकार्यात रोजीने रोट्या करायला जायची. मग आजूबाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या, तिथली माणसं रोटीसाठी विचारत येऊ लागली, आणि तिने एक गाळा भाड्याने घ्यायचं ठरवलं. मला बोलावलं. “लायसन पाह्यजे म्हणते. तू शिकला हायेस, तू कर. पण एक आयक — कागद माह्या नावाचा पाह्यजे.”

हे ती उगाच म्हणाली नव्हती. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावाचं, आणि तो दुसऱ्या गावी दुसरं घर करून बसलेला. खोली दिराच्या नावाची. विजेचं बिल सासऱ्याच्या नावाने येतं, आणि सासरा जाऊन किती वर्षं झाली ते तिलाही आठवत नाही. तिच्या नावाचा एक कागद — एवढंच तिला हवं होतं. मला ते कळत नव्हतं का? माझ्याइतकं कोणाला कळणार होतं?

काम तसं अवघड नव्हतं. गाळ्याचा भाडेकरार, गाळेवाल्याचं संमतीपत्र, विजेच्या बिलाची झेरॉक्स. मग दुकानाची नोंद, जिला सगळे गुमास्ता म्हणतात. खाण्याचा धंदा म्हणून फूड लायसन्स. आणि लघुउद्योगाची नोंदणी — ती तर फुकट, घरबसल्या होते. आधार क्रमांक टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येतो, झालं.

ओटीपी आला नाही. मावशीचं आधार काढलं तेव्हा घरात फोन नव्हता, म्हणून शेजारच्या टेलरचा नंबर दिला होता. टेलर कधीच खोली सोडून गेला होता.

“म्हणजे माहा ओटीपी त्या टेलरच्या खिशात वाजून राहिला?” मावशी हसून हसून लोळली. “मंग रोट्याही त्यालेच पाठवा!”

उपाय होता. तिला आधार केंद्रावर न्यायचं, अंगठा द्यायचा, नवा नंबर जोडून घ्यायचा. पण त्या दुपारी मला रामदासपेठेत सभेला पोहोचायचं होतं. सभेचा विषय काय होता? — घरकाम आणि रोजंदारी करणाऱ्या बायांचे हक्क. खोटं सांगत नाही.

मग मी —

मालकाच्या रकान्यात मी माझं नाव टाकलं. माझं आधार, माझा नंबर. ओटीपी लगेच आला. एकेक करत तिन्ही कागद माझ्या नावावर केले. मावशी शेजारी बसून पुठ्ठ्याने मला वारा घालत होती. “झालं?” झालं म्हणालो. “माह्या नावाचं?” हो मावशी, तुझ्याच नावाचं.

वेळ नव्हता, नंतर बदलून घेऊ — असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं त्याच्याही खाली आहे. पडद्यावर ‘मालक’ या शब्दापुढे माझं नाव उमटलं, आणि मला बरं वाटलं. नोकरी नव्हती, घरात सगळे विचारायचे, आणि तिथे मी कशाचा तरी मालक होतो. हे लिहिताना कान तापलेत.

मावशी सही करते, वाचत नाही. उद्योगाचं प्रमाणपत्र तिने फ्रेम करून घेतलं आणि गाळ्यात, निळ्या कोटातल्या, हाती संविधान घेतलेल्या तसबिरीखाली लावलं. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती दोन्हींवरून फडकं फिरवायची. बँकेत धंद्याचं खातं उघडायचं मी टाळत राहिलो. तिथे सही लागली असती, आणि ती माझी लागली असती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं असं नाही. पण थांबलो नाही. मी एक पत्रक लिहिलं — ‘बायांनो, धंदा आपला तर कागदही आपला’. गुमास्ता कसा काढायचा, लायसन्स कुठे, नोंदणी कशी, सगळं पायरीपायरीने. चांगलं लिहिलं होतं. मावशी रोटीच्या पुडक्यासोबत एकेक पत्रक द्यायची. “माह्या भाच्यानं लिवलं.”

आणि गेल्या वर्षी अर्ज निघाले. बाजाराच्या जागेवर बायांच्या धंद्यांना पक्के ओटे मिळणार होते, कमी भाड्यात. अट एवढीच की नोंदणी बाईच्या नावाची आणि दोन वर्षं जुनी हवी. मावशीने नवी साडी नेसून फोटो काढला. मी अर्जाची फाईल घेऊन निघालो, एका टपरीवर बसलो आणि अर्ज न देताच परत आलो. महिन्याभराने सांगितलं — यादीत नाव नाही आलं.

“काहून नाही आलं?” ती यादीवर चिडली. मग माझा चेहरा पाहून मलाच समजावू लागली. “जाऊ दे बापू. तू एवढी धावपळ केली. पुढच्या बारीले येईन.” मला जेवायला बसवलं. मी जेवलो. पोटभर.

मागच्या महिन्यात मी गाळ्यात बसलो असताना समोरच्या इमारतीतली एक बाई आली. तिला पापडाचा धंदा काढायचा होता, कागद कसे असतात ते पाहायचं होतं. मावशीने मोठ्या तोऱ्यात फ्रेम खाली काढली. “हे पाहा. माह्या नावाचा.” बाईने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग फ्रेम जपून परत दिली आणि म्हणाली, “छान आहे हो, मावशी.”

मावशीला दुखू नये म्हणून एका अनोळखी बाईने माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं. ती गेल्यावर मी सांगितलं. सगळं — टेलरचा नंबर, रकाना, ओट्याची यादी, टपरी. मावशी परात घासत होती. ती घासतच राहिली.

मग म्हणाली, “तो नंबर जोडायले किती येळ लागते गा?”

“तासभर, मावशी. लाईन असली तर दोन.”

“मले वाटलं, महिने लागत असन.”

दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवून ती एकटीच आधार केंद्रावर गेली. मला म्हणाली नाही, चल. नंबर जोडला गेल्यावर मात्र बोलावलं, कारण माझ्या नावाच्या नोंदी आधी रद्द करायच्या होत्या. असे कागद एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर सरकत नाहीत. जुना बंद, नवा सुरू. रद्द करायचा ओटीपी माझ्या फोनवर आला. तिने हात पुढे केला. आकडे तिला येतात. एकेक आकडा तिने मोठ्याने वाचला आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या मुलीने टाकला.

आज तिचा चार वर्षांचा धंदा कागदावर आठ दिवसांचा आहे. ओट्यासाठी अर्ज करायला आणखी दोन वर्षं. ती छप्पन्न वर्षांची आहे, आणि सकाळी तिचा उजवा खांदा वर जात नाही.

माफी मी मागितलेली नाही. मागितली असती तर तिने तिथल्या तिथे देऊन टाकली असती, वर जेवायलाही बसवलं असतं. हे छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच म्हणाली, “छप्पन्न नाही. चोपन्न.”

तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या घरात कोणी बाई धंदा करत असेल — डबे, शिलाई, पापड, पार्लर, काहीही — तर आज तिचे कागद बाहेर काढा. तिला शेजारी बसवा. मालकाच्या रकान्यावर बोट ठेवा आणि तिथलं नाव मोठ्याने वाचून दाखवा. तुमचं असलं तरी.