पेढा की बर्फी

आमच्या खालापूरकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात, आणि मला नेमकी त्या सातव्याचीच धडकी भरलेली. थोरलीच्या वेळी ह्याच महिन्यात माझं बीपी असं काही चढलं, की डॉक्टरांना तिला घाईघाईने पोटातून काढावं लागलं. कितीतरी दिवस मी तिला पेटीच्या काचेतूनच बघत होते. आता ती घरभर धिंगाणा घालते, पण तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या खेपेला माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या सासूबाईंनी फळीवर चढवून ठेवल्या होत्या. "त्यानं पोर मोठं होतं गं, मग अडतं," असं आळीतली प्रत्येक बाई सांगायची. ह्या खेपेला खोपोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंनाच समोर बसवलं. खाण्यातून कॅल्शियम कमी पडलं तर ह्या बीपीचा धोका वाढतो, म्हणाल्या. गोळ्यांनी तो पार जात नाही, पण कमी नक्की होतो.

झालं! सासूबाई पेटल्याच. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, आणि जेवण झालं रे झालं की हातावर गोळी. वर "आ कर" म्हणून तोंड तपासायच्या. मी काय शेंबडं पोर होते?

डोहाळजेवणाच्या दिवशी मला हिरवी साडी नेसवली, फुलांनी मढवलं, आणि पुढ्यात दोन वाट्या पालथ्या घातल्या. एकीखाली पेढा असतो, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. "उचल गं, उचल," बायकांनी एकच गिल्ला केला. मी उचलली.

खाली कॅल्शियमची गोळी!

दुसरी उचलली. तिथेही गोळीच. अगं बाई, हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पोरगा का पोरगी, मला काय बी पडलेलं नाय. दिस भरून येऊ दे, बस. घे एक, जेवान झालंय तुजं."

मी सगळ्यांदेखत गोळी घेतली आणि आपणहून आ केला.

बीपी शेवटपर्यंत ताब्यात राहिलं. नववा भरला, आणि नर्सने ते ओलं, गरम, कोकलणारं गाठोडं थेट माझ्या छातीवर आणून ठेवलं. मध्ये काच नव्हती. मला इतका आनंद झाला, की मुलगा की मुलगी हे विचारायचंच राहून गेलं.

बाहेर सासूबाईंनीही विचारलं नव्हतं म्हणे. नर्स दिसताच एवढंच म्हणाल्या, "आयजवळ दिलंय ना गं?"