नाव तुम्ही सांगा

लोणारच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरने निरोप दिला, "तुमचे डॉक्टर गेले." मी म्हणालो, "कोणते डॉक्टर? पूर्ण नाव सांग." वेड्यासारखाच प्रश्न. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांच्या खाटेपाशी होतो. "रघुनाथ श्रीपत शेळके," तो हळूच म्हणाला. चूक नव्हती... चुका कशा होतात हे शोधण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्याच बाबतीत ती व्हावी अशी आशा मी क्षणभर धरली होती.

हे डॉक्टर म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. महाराष्ट्र राज्य नवं झालं त्या सुमारास ते तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाले. तिथे एकदा वॉर्डात दोन काशीबाई होत्या. एकीला पेनिसिलिनची सुई द्यायची होती, दुसरीला ती सोसत नव्हती. कोणती कोण हे कळावं म्हणून नर्सने नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. ती पदर दातात धरून गप्प. शेवटी नर्सनेच सुचवलं, "सुलतानपूरचे शामराव ना?" बाईने होकार भरला, "हाव." ना नवरा तो, ना गाव ते. पण दवाखान्याच्या बाईंना नाही कसं म्हणायचं? सुई टोचली, आणि औषध अंगात भिनताच ती गेली. नर्सला काढा, असा गलका झाला. भाऊजी म्हणाले, "तिले काढसान, पण हे हाव कसं काढसान?"

पुढची सगळी वर्षं ते त्या 'हाव'मागे लागले. सुट्टीच्या दिवशी एसटीने दुसऱ्या दवाखान्यांत जायचे, रोग्याला मुद्दाम भलतंच नाव घेऊन हाक मारायचे, आणि किती जण होकार देतात ते मोजायचे. बेरजा मी करून देत असे. आकडे इथे लिहीत नाही. कागद हाताशी नाहीत, आणि आठवणीतला आकडा छापू नये हे त्यांचंच मत. थोडके नव्हते, एवढं खात्रीने सांगतो. त्यांची मागणी साधी होती : रोग्याला नाव सुचवू नका, त्याच्या तोंडून घ्या, बाई सांगेना तर सोबतच्या माणसाकडून घ्या. वरच्या साहेबांनी लिहिलं, रोगी अडाणी आहेत. मग बदली झाली, आणखी एक झाली. काशीबाईच्या दवाखान्यातसुद्धा ती पद्धत टिकली नाही, हे त्यांना फार लागलं.

घरी मात्र पद्धत कडक. खिडकीतल्या खुर्चीतून मला पाहूनही कडी काढत नसत. "थोबाड दिसलं, साळेबुवा. नाव कुठी सांगतलं?" शेजारी हसायचे. दारात उभं राहून मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगायचो, तेव्हा प्रवेश.

शेवटच्या आजारात जिल्ह्याच्या गावी दाखल केलं. मी भेटायला गेलो त्या दिवशी ते तापाच्या ग्लानीत होते. नवी नर्स सुई घेऊन आली नि घाईने म्हणाली, "भास्करराव ना?"

भाऊजींनी डोळे न उघडताच म्हटलं, "हाव."

उशाशी बसलेली ताई उठली आणि नर्सचा हात धरला. "थांबा बाई. ताप हाये यायले, कोणालेबी हाव म्हणतीन. यायचं नाव..." ती अडखळली. लग्नानंतर उखाण्याबाहेर ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "रघुनाथ. रघुनाथ श्रीपत शेळके."

सुई शेजारच्या खाटेवरच्या भास्कररावांची होती. भाऊजी त्यानंतर वाचले नाहीत. पण गेले ते स्वतःच्या आजाराने. ताईने घेतलेलं नाव त्यांच्या कानी पडलं की नाही, कोण जाणे...

परवा तिच्याकडे गेलो. दार बंद, खिडकीतली खुर्ची रिकामी. विचारणारं कोणी नव्हतं, तरी सवयीने मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आतून, कडीपाशी, ताईचा आवाज आला.

"अजून एक डाव सांग."

मी सांगितलं.