तेहतीस वर्षं लावलेलं दार

“दाराला हात लावायचा नाही म्हणजे नाही!” दादाचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. “सणाच्या दिवशी घर उघडं पाडायला निघालीस? तासाभरात काका, मावशी, व्याही सगळे येतील. त्यांनी काय खरकटी भांडी बघत जेवायचं?”

“बघू देत की. खरकटी त्यांचीच असतात,” आत्या म्हणाली आणि तिने पेचकस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

घरातल्या मुलांची ती आत्या, दादाची धाकटी बहीण, आणि बाहेर सगळ्यांची मिस्त्रीणबाई. वय बावन्न. स्वतःचा सुतारीचा कारखाना, हाताखाली दोन माणसं. तिने शाळांची दारं केली होती, दवाखान्याची केली होती. आज मात्र तिला बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं एकच दार काढायचं होतं.

कारण गेल्या सणाचं. बैठकीतल्या टेबलावर आठ माणसं मावायची आणि घरात जमायची सतरा. म्हणून तीन पंगती. पहिली मोठ्यांची, दुसरी मुलांची आणि तिसरी म्हणजे उरलेल्यांची. उरायची एकटी वहिनी. गेल्या वर्षी साडेचार वाजता आत्या पाणी प्यायला आत गेली, तर वहिनी ओट्याला टेकून उभ्या उभ्या पातेल्याच्या झाकणावर भात घेऊन जेवत होती. दाराबाहेर कुणाच्या तरी विनोदावर हशा चालला होता.

“बसा ना वहिनी.”

“आता कुठे पुन्हा मांडामांड करू, वन्सं? झालंच माझं.”

ते झाकण वर्षभर आत्याच्या डोळ्यांपुढून हललं नाही. म्हणून आज सकाळीच ती टेम्पोत दोन लाकडी घोड्या आणि चार बाकं टाकून आली होती. टेबलाला जोडून घोड्यांवर दार आडवं टाकायचं, की सतराच्या सतरा माणसं एका वेळी बसतील.

“अगं, मग कारखान्यातून फळ्या आणायच्या होत्यास,” दादा म्हणाला.

“फळ्या आणून काय करू? या खोलीत सतरा माणसं बसायला त्यांना एकमेकांच्या मांडीवर बसावं लागेल. टेबल इथून थेट आत जायला हवं, ओट्यापर्यंत. आणि मधे दार.”

दादाने शेवटचं हत्यार काढलं. “हे बाबांच्या हातचं दार आहे. तेहतीस वर्षांत सांध्यात केस जाईल एवढी फट पडलेली नाही. तू असं दार करून दाखव आधी, मग हे काढ.”

 आत्याने खालच्या बिजागरीचे स्क्रू काढले, वरचीचे काढले. मधली सुटली तेव्हा भाचीला बोलावून दार धरायला लावलं, आणि बाजूला सरकून म्हणाली, “बघ इथे.”

दादाने चष्मा चढवला. दाराच्या कडेवर, बिजागरीच्या खाली, इतकी वर्षं कुणालाच न दिसलेलं, बोटभर लांबीचं लाकडी ठिगळ होतं.

“हे काय? बाबांची खाच कधी चुकायची नाही.”

“नाहीच चुकायची. माझी चुकली.”

हातात डाव घेऊन वहिनी बाहेर आली. 

“बाबांचा खांदा आखडला होता, आठवतंय? ते स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे. एकोणीस वर्षांची होते. सगळं दार नीट झालं आणि शेवटी बिजागरीची खाच चार बोटं खाली मारली. दोन दिवस रडले. बाबांनी त्याच लाकडाचा तुकडा पुढे टाकला, म्हणाले, याने खाच बुजव, नख अडकता कामा नये. मग लोक येऊन त्यांचीच तारीफ करायला लागले. पोरीने केलंय म्हटलं असतं तर कामं आली नसती. नंतर बाबाच गेले. मेलेल्या माणसाकडून काय परत मागायचं?”

दादाने ठिगळावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा.

“अडकत नाही,” तो म्हणाला. मग चष्मा काढून, “म्हणजे एवढी वर्षं मी आल्या-गेल्याला जे सांगत होतो...”

“माझं कौतुकच करत होतास. चालू ठेव.”

वहिनी खुदकन हसली. दादाने बाह्या वर केल्या. “बघतेस काय? त्या बाजूने धर.”

दार आपल्याच चौकटीतून, दोन्हीकडे जेमतेम नखभर जागा सोडून, सुळकन आत गेलं. वर पांढरी चादर पडली. सतरा ताटं लागली. व्याह्यांचं कोपर मावशीच्या ताटात जात होतं. ये-जा करायला वाट उरली नाही, तेव्हा मुलांनी टेबलाखालून रांगत नवी वाट काढली; त्याच वाटेने काकांच्या पायातला एक मोजाही आत पोचला. ओट्याशेजारच्या टोकाला वहिनीची खुर्ची होती. सवयीने ती तीनदा उठली आणि तिन्ही वेळा सगळं टेबल ओरडलं, “बसा!”

“अगं, मीठ!” दुसऱ्या टोकाहून दादा म्हणाला. इतकी वर्षं हे वाक्य तो दाराला सांगत आला होता.

“तुमच्या कोपरापाशीच आहे,” वहिनीने खुर्चीतूनच सांगितलं आणि ऊन ऊन भाताचा घास तोंडात घातला.

आत्याने ताट पुसून जेवण संपवलं. मान ताठ ठेवून तिने एकदा त्या लांबलचक टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग खिशातून मूठभर स्क्रू काढले. “चल दादा, आवरल्यावर बसवून टाकू परत.”

वहिनीचं अजून जेवण चाललं होतं. ती सावकाश जेवत होती. तिने घास गिळला, पाणी प्यायली आणि सतरा माणसांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “स्क्रू ठेवून द्या, वन्सं. दार परत बसणार नाही.”