निम्म्या वाटेवर आप्पा

ब्राह्मणपुरीहून निघालो तेव्हा ऊन नुकतंच कलायला लागलं होतं. गाडी ओट्यासमोर उभी, बॅगा वर बांधलेल्या, आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, गोठ्यात. सगळी गल्ली जमली होती पण ते काही बाहेर येईनात. शेवटी त्यांचे भाऊ, धाकटे काका, आत गेले. "दादा, कायजी करू नको, म्हैसले मी देखसू," एवढं बोलून त्यांनी आप्पांना दंडाला धरून आणलं. आप्पा टोपी नीट करत गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि काच खाली न करता समोर बघत राहिले. गल्लीतल्या बाया मला कुंकू लावत होत्या, कुणी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी मांडीवर ठेवत होतं, आणि माझं लक्ष सारखं त्या टोपीकडे जात होतं.

माझी आई म्हसावदहून आली होती. तिने डोळ्याला पदर वगैरे काही लावला नाही. खिडकीतून आत वाकून एवढंच म्हणाली, "पासपोट छातीशी धर. डोया उघडा ठेव, तोंड बंद ठेव." शहाद्यापर्यंत रस्त्यात उसाच्या गाड्या होत्या, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या. त्यांच्या मागे अडकून आमची गाडी हळूहळू चालली होती आणि मी तिन्ही पासपोर्ट पर्समध्ये पुन्हा पुन्हा चाचपत होते.

आमच्यात बोलायची पद्धत कशी होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून आप्पा माझ्याशी थेट बोलत नसत. जे काही असेल ते सासूबाईंना सांगायचे, बाई मला सांगायच्या. बाई गेल्या तेव्हा माझी मुलगी ईश्वरी बोलायला लागली होती, मग ते काम तिच्याकडे आलं. "ईश्वरी, मम्मीले सांग, चहा ठेव." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे, तरी निरोप ईश्वरीमार्फतच. यात राग नव्हता. ती मर्यादा होती, आणि मीही ती पाळत होते. माझे यजमान प्रमोद टोरोंटोजवळ शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करतात. ते आधी गेले होते. माझा आणि ईश्वरीचा व्हिसा आला तेव्हा आप्पांना एकटं ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि त्यांचाही व्हिसा काढला. आप्पांना विचारलं तेव्हा ते 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ काय, हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

मुंबईहून पहिलं विमान. नंतर आखातातल्या एका शहरात सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा थांबा. तिथून कॅनडा. प्रमोद फोनवर समजावत होते की थांबा मोठा आहे म्हणून घाबरू नकोस, उलट मजा करा, त्या विमानतळात आत बाग आहे, मुलांना खेळायला घसरगुंडी आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला छोटी रेल्वे आहे, फुकट. मी 'हो हो' म्हणत होते. पण मी नाशिकच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते. मला बागेपेक्षा एकच दिसत होतं, ईश्वरी एकीकडे पळते आहे, आप्पा दुसरीकडे चालत निघाले आहेत आणि मी मधे उभी आहे.

पहिल्या विमानात आप्पा खिडकीशी बसले. मधे एकदा उठून मागे गेले. बऱ्याच वेळाने आले, घामेजलेले. मी ईश्वरीला कोपराने खुणावलं, तिने विचारलं, "आप्पा, काय झालं?" ते काही नाही म्हणाले. नंतर हवाईसुंदरी पाणी घेऊन आली, त्यांनी हाताने नको केलं. चहा, तोही नको. मला वाटलं, उपासतापास असेल.

उतरलो तेव्हा लख्ख सकाळ होती. तो विमानतळ म्हणजे आमच्या शहाद्याच्या बाजारपेठेच्या कितीतरी पट मोठा, सगळा काचेचा, आणि इतका थंड की ईश्वरीने माझी ओढणी ओढून अंगाभोवती घेतली. पुढच्या विमानाचं दार कुठलं, ते फलकावर अजून आलंच नव्हतं. त्या एका गोष्टीने माझा जीव खालीवर होत होता. फलकासमोरून हललो आणि तेवढ्यात दाराचा नंबर लागला तर? म्हणून मी दोघांना घेऊन त्या फलकाच्या आसपासच फिरत राहिले. सरकत्या पट्ट्यावर ईश्वरी उभी राहिली, पट्टा तिला पुढे नेत होता, आणि आप्पा तिच्या बाजूने फरशीवरून झपझप चालत होते, तिचा हात सोडायला तयार नव्हते. पट्टा संपला की ती पुन्हा उलट्या बाजूने, की आप्पा पुन्हा तिच्याबरोबर. लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं.

भूक लागली तेव्हा एका कोपऱ्यात गालिच्यावर बसलो आणि डबा उघडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, ठेचा, बिबड्या. ठेच्याचा वास आजूबाजूला गेला असेल, पण कुणी काही बोललं नाही. आप्पांनी भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला. मी बाटली पुढे केली. ती त्यांनी झाकण लावून माझ्याकडे परत सरकवली. ठेच्यावर माणूस पाणी पीत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यानंतर थोड्याच वेळात ते उठायला गेले आणि भिंत धरली. मग भिंतही सुटली. मी पुढे होऊन त्यांना धरलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना हात लावला असेन. ते माझ्या अंगावर कलले आणि आम्ही दोघं खाली बसलो. टोपी लांब जाऊन पडली. ईश्वरी मोठ्याने रडायला लागली. कुणीतरी खुर्चीगाडी आणली, कुणी काहीतरी विचारत होतं, मी सगळ्याला 'येस, येस' म्हणत होते आणि एका हाताने पर्स छातीशी दाबून धरली होती.

विमानतळावरच्या दवाखान्यात एक नर्स होती, केरळची, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. तिने आप्पांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "बाबा, पानी कब पिया?" तिने विचारलं. आप्पा म्हणाले, "पिया, पिया." नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. डॉक्टर आले, तपासलं, आणि मला समजेल अशा सोप्या इंग्रजीत सांगितलं की अंगातलं पाणी फार कमी झालं आहे, रक्तदाब खाली आहे. सलाईन लावू. दुपारनंतर पुन्हा बघू. ठीक नसेल तर पुढच्या विमानात बसू देणार नाही.

मी बाहेर येऊन प्रमोदना फोन केला. त्यांच्याकडे पहाट होती. ते आधी माझ्यावर ओरडले, मग रडवेले झाले, मग म्हणाले मी तिकीट काढून तिकडे येतो. इथे व्हिसाशिवाय विमानतळाच्या बाहेर पडता येणार नव्हतं, आणि आत राहायचं तर किती वेळ? विमान चुकलं तर बॅगा कुठे जाणार? सगळे प्रश्न एकदम आले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फोन चालू ठेवा, बाकी मी बघते. असं मी का म्हटलं कोण जाणे. बघण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

आत आले तर ईश्वरी खुर्चीतच झोपून गेली होती. तिच्या हातात नर्सने फुगवून दिलेला रबरी हातमोजा. आप्पा जागे होते, सलाईनच्या बाटलीकडे बघत. मी स्टुलावर बसले. निरोप पोचवणारं माणूस झोपलेलं.

मग ते म्हणाले, "हर्षा."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी 'ईश्वरीनी माय' होते.

"मी आठेन मांगे जास. तू पोरले लिसन पुढे जाय."

मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला बरं वाटलं की ठरवू. ते म्हणाले ठरवायचं काही नाही. तू एकटी, लहान पोर, म्हणून मी आलो. निम्मी वाट झाली, इथून पुढे विमान एकच आहे, तुला जमेल. मला कुणीतरी मुंबईच्या विमानात बसवून दे, काका घ्यायला येईल. शांतपणे बोलत होते, जणू शहाद्याहून म्हसावदची एसटी पकडायची आहे. त्यांनी सगळं आधीच मनात मांडलेलं होतं, आणि तेवढ्यानेच मला भीती वाटली. त्यांना परत पाठवलं असतं तर प्रमोदना काय तोंड दाखवणार होते, हे तर होतंच, पण अशा अवस्थेत त्या माणसाला एकट्याने पुन्हा विमानात बसवायचं, हे माझ्याने होणार नव्हतं.

मी विचारलं, "आप्पा, तुम्ही पाणी का पीत नाही?"

ते भिंतीकडे वळले.

"तुले कसं सांगू? तू सून शे."

"इथे आपल्या दोघांशिवाय कोणी नाही. सांगा."

मग त्यांनी तसंच भिंतीकडे बघत सांगितलं. विमानातल्या संडासात ते गेले. दार कसंतरी लोटलं, आत अंधार. बटण चाचपलं, सापडेना. मग बाहेर पडायला दार कडेला धरून ओढलं, तर ते उघडेना. त्यांनी धक्के मारले. शेवटी ठोकलं. बाहेरून त्या मुलीने उघडलं, तर रांगेतले सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि धोतर धड सावरलेलं नव्हतं. परत त्या डबड्यात जायचं नाही, त्यांनी ठरवलं. आणि जायचं नाही म्हणजे प्यायचंही नाही, थेट कॅनडा येईपर्यंत.

"माले वाटनं, लाईट गयी," ते म्हणाले.

मला एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मी तोंडावर ओढणी धरली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि तेही, ओठ दाबून, हसले.

टेबलावर एक जाड मासिक पडलं होतं. ते मी उभं धरलं आणि दाखवलं. आत जाताना दार ओढायचं नाही, मधल्या घडीवर हात दाबायचा, ते आत दुमडतं. आत गेलं की कडी सरकवायची, ती सरकली की दिवा आपोआप लागतो, त्याला बटण नाही. बाहेर येताना कडी मागे, आणि दार मधोमध आपल्याकडे ओढायचं. ते म्हणाले, पुन्हा दाखव. मी दाखवलं. मग सलाईन लावलेला हात सांभाळत त्यांनी स्वतः ते मासिक दुमडून बघितलं, उघडून बघितलं. मी म्हटलं, "मी दाराबाहेर उभी राहीन. तुम्ही हाक मारा, बस." थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं. ईश्वरीला न उठवता, मलाच.

दुपारनंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि जायला हरकत नाही असं लिहून दिलं. मी आप्पांना विचारलं, मुंबईच्या विमानाची चौकशी करू का. खरंच करणार होते. ते उठून बसले, टोपी झटकली आणि म्हणाले, "आते चाल पुढे."

उरलेल्या वेळात आम्ही प्रमोदनी सांगितलं ते सगळं केलं. दाराचा नंबर लागला की नाही हे मी अजूनही दर थोड्या वेळाने बघत होते. पण बाग पाहिली. ईश्वरी घसरगुंडीवरून दमेपर्यंत घसरली. त्या छोट्या रेल्वेतून आम्ही या टोकाहून त्या टोकाला आणि पुन्हा मागे, असे नुसतेच फिरलो. आप्पा दारापाशी उभे राहून दार आपोआप कसं उघडतं ते बारकाईने बघत होते.

कॅनडाच्या विमानात ते दोनदा उठले. मी दोन्ही वेळा मागे गेले आणि त्या अरुंद जागेत ओढणी सावरत उभी राहिले. आतून कडीचा आवाज आला, फटीतून उजेड दिसला. शेजारी रांगेत उभ्या माणसाने मला पुढे जायला सांगितलं, मी मान हलवून नाही म्हटलं.

आप्पा हिवाळाभर आमच्याकडे राहिले. मॉलमध्ये पंजाबी म्हाताऱ्यांबरोबर चकरा मारायला शिकले. पायऱ्यांवरचं बर्फ फावड्याने ओढायचे, प्रमोद नको म्हणायचे तरी. माझ्याशी थेट बोलायचे, कमीच, पण थेट. पाऊस तोंडावर आला तशी शेताची ओढ लागली आणि परत गेले, एकटेच, त्याच विमानतळावरून. तो पूर्ण दिवस मी कामावर गेले नाही. काकांचा पोचल्याचा फोन येईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभीच होते.

तुमच्यातल्या ज्यांनी गाव सोडलं आहे किंवा जे सोडायच्या बेतात आहेत, त्यांना मी एवढंच सांगू शकते की काळजी कमी होत नाही, फक्त तिला दोन गावं मिळतात. पूर्वी मला घर म्हटलं की ब्राह्मणपुरीचा ओटा दिसायचा. आता तसं एक काही दिसत नाही.

परवा सकाळी मी ईश्वरीचा डबा भरत होते आणि आप्पांचा फोन आला. त्यांच्याकडे संध्याकाळ, म्हशीचं दूध काढायची वेळ, मागे बादलीचा आवाज येत होता. तब्येत, पाऊस, काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "हर्षा, पोर उठनी का? तिनी शाळाना टाइम व्हई ऱ्हायना."

मी घड्याळाकडे पाहिलं. खरंच उशीर झाला होता. मी फोन तसाच चालू ठेवला आणि तिला उठवायला गेले.